धुक्याचा डबा

दुसऱ्या भागाच्या अगदी पहिल्या चौकटीतच त्यांनी डबा उघडला होता. धाकटीने टॅब टेबलावर उपडा ठेवला आणि रंगाच्या कारखान्यातल्या त्या लांबट प्रयोगशाळेत, कुणाला असं नाही पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "लावली वाट गाढवांनी."

डबा कसला, हे तिथे दोघांनाच माहीत होतं. एक ती, आणि दुसरा शेजारच्या बाकावरचा चिकटमास्तर. वाळलेला रंग पत्र्याला किती घट्ट बसलाय हे चिकटपट्टी ओढून तपासणं हे त्याचं दिवसभराचं काम, म्हणून हे नाव. बाकीच्यांसाठी थोडं सांगायला हवं.

'मागची खोली' नावाचं एक वेबकॉमिक होतं. दर गुरुवारी एक पान यायचं. एका लहान गावातलं हवामान कार्यालय. पुढच्या खोलीत लोकांची रांग, आणि मागच्या खोलीत हवामान तयार व्हायचं. साहेब म्हणजे एक बगळा, जो एका पायावर उभा राहून सह्या करायचा आणि भत्ता मात्र दोन्ही पायांचा घ्यायचा. काम सगळं चिचुंद्री करायची. दवाच्या अर्जावर शिक्का मारायचा, गारांचा साठा संपला की लोकांना उद्या बोलवायचं, चुकीच्या गल्लीत पाठवलेला पाऊस परत मागवायचा. चित्रं काढणारा स्वतःला 'कारकून' म्हणवायचा, त्याचं खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. पेन्सिलीचा करडा आणि एकच फिकट निळा, एवढ्यावर त्याने वर्षानुवर्षं भागवलं. शेवटच्या पानावर कार्यालयाला टाळं लागतं. चिचुंद्री उरलंसुरलं धुकं बिस्किटांच्या डब्यात भरते, झाकण दाबते, डबा काखोटीला मारते आणि चालू लागते. बस्स. पुढे त्या डब्याचं काय झालं, हे कुणी विचारलं तर कारकून उत्तर देत नसे.

मग एका कंपनीने हक्क घेतले. कारकुनाने 'मला आनंद आहे' एवढंच निवेदन दिलं आणि 'मागची खोली : नवी पहाट' सुरू झालं. ते नाव साबणाच्या वडीला शोभेल असं होतं. आता पहिल्या चौकटीत डबा उघडला होता आणि धुक्यातून बगळेसाहेबांचा पुतण्या बाहेर आला होता. अंगात लाल कोट, मान पिळदार, डोळ्यांत अंगार. त्याच्या आईवडिलांना म्हणे वादळाने मारलं होतं आणि तो त्या वादळाचा सूड घेणार होता.

"हवेच्या दाबातल्या फरकाचा सूड," धाकटी चिकटमास्तरला म्हणाली. "उद्या गुरुत्वाकर्षणावर खटला भरतील."

चिकटमास्तरचं म्हणणं, निदान आता काहीतरी घडतंय तरी. आधीच्या भागात अख्खी पानंच्या पानं शिक्का वाळायची वाट बघण्यात जायची. धाकटीने त्याच्याकडे असं पाहिलं, की तो बिचारा पुन्हा पट्टी ओढायला लागला.

दोन-चार गुरुवारांतच वाचकांत उभी फूट पडली. एका बाजूला 'उघडे', दुसऱ्या बाजूला 'बंद'. उघड्यांचा सूर असा, की जग बदलतं, तुम्ही म्हातारे झालात. यातले बरेचसे असे, ज्यांनी पहिला भाग पुतण्याचा लाल कोट आवडल्यावर उलट्या क्रमाने चाळला होता. बंदवाल्यांची तऱ्हा याहून हास्यास्पद. ते डब्यासाठी सुतक पाळत होते. एकाने डब्याचा फोटो मेणबत्तीशेजारी ठेवला होता. फोटो चित्रातल्या डब्याचा नव्हता, त्याच्या स्वयंपाकघरातल्या डब्याचा होता. धाकटी स्वतः बंदवाली होती, पण त्यांच्यात आपली गणना व्हावी हे तिला बिलकूल मंजूर नव्हतं. तिचा राग मोजून-मापून होता. तिने नव्या पानांतले रंग तपासले होते, चौकटींचे आकार तपासले होते, एका चौकटीत सावली डावीकडे आणि दुसरीत उजवीकडे पडते हे पकडलं होतं. गावात सूर्य एकच आहे एवढंही ज्यांना सांभाळता येत नाही, त्यांनी हवामान कार्यालयाची गोष्ट सांगावी म्हणजे कमाल होती.

तिला कंपनीची पर्वा नव्हती. चिंता होती ती घरी खुर्चीत बसलेल्या माणसाची.

बाबांच्या नजरेच्या बरोबर मधोमध डाग पडला होता. दृष्टिपटलाचा मधला भाग निकामी झाला की असं होतं: कडा दिसतात, मधलं जातं. त्यांना दाराची चौकट दिसायची, दारातलं माणूस दिसायचं नाही. ज्याच्याकडे बघावं नेमकं तेच गडप. वीज कार्यालयाच्या तक्रार खिडकीवर त्यांची सगळी नोकरी गेली होती, आणि 'मागची खोली' हा त्या नोकरीचा एकमेव खरा इतिहास आहे असं त्यांचं ठाम मत होतं. आई गेल्यावर घरात दोघंच उरली, आणि डोळे गेल्यावर गुरुवारचं पान वाचून दाखवणं धाकटीकडे आलं.

वाचायची एक रीत ठरली होती. आधी चौकट केवढी आहे ते. मग डावीकडून उजवीकडे काय काय आहे ते. मग रंग. आणि शेवटी फुग्यातलं बोलणं. पान संपेपर्यंत स्वतःचं मत द्यायचं नाही. तो नियम बाबांचा, खिडकीवरून घरी आलेला. आधी काय झालंय ते सांगा, कुणामुळे झालंय ते नंतर बघू. धाकटीला या कामाचा मनातून फार अभिमान होता. दिवसभर ती रंगाच्या दोन पट्ट्या शेजारी धरून कोणती कणभर पिवळी आहे ते सांगायची. ढगाचा करडा पोटाशी निळा आहे की जांभळा, हे सांगावं तर तिनेच.

नवा भाग सुरू होणार म्हणून त्या पहिल्या गुरुवारी संध्याकाळी बाबा इस्त्रीचा सदरा घालून बसले होते. ती टॅब घेऊन समोर बसली. ती तोंड उघडायच्या आत त्यांनी विचारलं, "डबा बंद आहे ना गं?"

आणि ती म्हणाली, "बंद आहे."

झालं ते एवढंच. ठरवून खोटं बोलायचं असं काही तिच्या मनात नव्हतं. पण डबा एकदा बंद म्हटल्यावर पुतण्याला बाहेर यायला वाटच उरली नाही. मग पान कशाने भरायचं? समोरच्या पडद्यावर लाल कोट फडफडत होता आणि ती सांगत होती, की चौकट रुंद आहे, डावीकडे जिना आहे, चिचुंद्री भाड्याची खोली बघायला चालली आहे, डबा काखेत.

पुढच्या गुरुवारी चिचुंद्रीने डबा खिडकीत ठेवला. मग शेजारी यायला लागले. एकाला घरमालकापासून लपायला मूठभर धुकं हवं होतं. एकीला लग्नाच्या फोटोतला नवरा झाकायला चिमूटभर पुरणार होतं. चिचुंद्री प्रत्येकाला लेखी नकार द्यायची, आणि नकारही असा, की माणूस तो फ्रेम करून भिंतीला लावायचा. बाबा हसायचे. त्या फोटोतल्या नवऱ्यावर तर त्यांना ठसका लागला. धाकटी रंग ढवळता ढवळता पुढचं पान मनात रचायची, वाक्यं घासूनपुसून लख्ख करायची. हळूहळू तिचा असा समज झाला, की खरा दुसरा भाग हाच. इंटरनेटवर चाललाय तो काही बिनडोक लोकांनी घातलेला गोंधळ. चिकटमास्तर पुतण्याच्या तलवारीबद्दल सांगायला आला की ती नुसतं हसायची. कारकुनाला न्याय कोण देतंय हे त्या बापड्याला काय ठाऊक.

असे बरेच गुरुवार गेले. मग एका गुरुवारी ती चिचुंद्रीचा एक भलताच सुंदर नकार वाचून थांबली, दाद मिळेल म्हणून. बाबा खुर्चीच्या दांडीवर बोटं वाजवत बसले होते.

"आणि तो पुतण्या?" त्यांनी विचारलं.

"कुठला पुतण्या?"

"बगळेसाहेबांचा. लाल कोटवाला. तुझ्या आत्याला फार आवडतो तो."

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. दोन गल्ल्या सोडून तिचं शिवणकामाचं दुकान. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ती भावाला फोन करायची, हे धाकटीला माहीत होतं. फोनवर काय चालतं, हे तिने कधी विचारलं नव्हतं.

बाबांनी ते मग सावकाश सांगितलं, आवाज न चढवता, जे जास्त वाईट होतं. संशय त्यांना दुसऱ्याच आठवड्यात आला होता. जुनी पानं वाचताना धाकटी अडखळायची. 'थांबा हं, इथे मागे काहीतरी आहे,' असं म्हणायची. चित्र बघायला वेळ लागतो. नव्या पानांना ती एकदाही थांबली नाही. तक्रार खिडकीवर ज्याची गोष्ट गुळगुळीत, त्याने मीटरला हात लावलेला असायचाच. म्हणून त्यांनी ताईला सांगितलं, की जरा उघडून बघ ते काय आहे. तेव्हापासून दर शुक्रवारी दुपारी आत्या त्यांना खरं पान वाचून दाखवत होती.

"म्हणजे तुम्ही दोन्ही ऐकत होता," धाकटी म्हणाली. "आणि मला बोलू देत होता."

"तू कुठवर जातेस ते बघत होतो. लांब गेलीस."

"बाबा, ते भिकार आहे. तुम्ही ऐकलंय ना? वादळाला खलनायक केलंय. मिशा आहेत त्याला. तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून मी…"

"भिकारच आहे," बाबा म्हणाले. "मला का कळू नये ते? डोळे गेलेत माझे, अक्कल जागेवर आहे. इतकी वर्षं जे मनापासून वाचलं त्याची माती झाली, तर ती माती मला माझ्या हाताने चिवडू दे. तू कोण ती झाकून ठेवणार?"

तिने खाली मान घातली, पण गप्प बसणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिने विचारलं, की निदान माझी गोष्ट तरी बरी होती ना? तुम्ही हसत होता. तो प्रश्न तोंडातून गेला तेव्हाच तिला वाटलं, विचारायला नको होता.

"विनोद चांगले होते," बाबा म्हणाले. "पण तुझी चिचुंद्री कधी चुकतच नाही. आपली बिचारी चुकीच्या गल्लीत पाऊस पाठवायची आणि मग छत्र्या उसन्या घेऊन धावायची. तुझी नुसती खिडकीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला शहाणपणाने गार करते. ती चिचुंद्री नाही, ती तू आहेस. कंपनीने एक पुतण्या घुसवला, तू स्वतः घुसलीस. कारकुनाला विचारलं कुणीच नाही."

बाबांनी मग निकाल दिला, तोही खिडकीवरच्यासारखाच. यापुढे पान ताई वाचेल, रविवारी दुकान बंद असतं तेव्हा घरी येऊन. ती वाईट वाचते, पण जे आहे ते वाचते.

रविवारी आत्या आली, पर्स दाणकन ठेवली, चष्मा पुसला आणि बसली. धाकटी स्वयंपाकघरात कपाट आवरायला गेली. कपाटाला आवरायची काही गरज नव्हती.

"पहिल्या चौकटीत बगळा आहे," बाहेरून आत्याचा आवाज आला. "दुसऱ्या चौकटीत पण बगळा आहे. तिसऱ्यात बगळा नाही."

"मग तिसऱ्यात काय आहे ताई?"

"काही नाही रे. पाऊस."

"कसा काढलाय?"

"कसा म्हणजे? वरून खाली."

धाकटीने कपाटाच्या दारावर कपाळ टेकवलं. आत्या फुग्यातलं बोलणं वाचायची ते एसटीडी बूथवर नंबर सांगावा तसं, आणि तलवारीचे आवाजसुद्धा न चुकता उच्चारायची. 'खण्ण. खण्ण. बापरे, किती वेळा लिहिलंय.' बाबा मधूनच काही विचारत, आत्या मधूनच वैतागे. चित्रातलं निम्मं वाया जात होतं. पण आहे त्यात भर पडत नव्हती, हे धाकटीला आतून ऐकू येत होतं, आणि बाबांच्या प्रश्नांत तो जुना, पुढे झुकलेला आवाज होता, जो तिला गेले कित्येक गुरुवार ऐकू आला नव्हता.

तिसऱ्या की चौथ्या रविवारी आत्याच म्हणाली, "अगं ये, बाहेर ये तू. हा मला ढगाचा रंग विचारतो. मी कापड ओळखते, ढग नाही."

बाबा नको म्हणाले नाहीत. धाकटी हात पुसत आली आणि आत्याच्या खुर्चीमागे उभी राहिली. ढग पांढरा होता. तिने पाहिला आणि म्हणाली, की हा पांढरा कुणी निवडलेला नाही. मशीन सुरू केल्यावर जो आपोआप येतो तो आहे.

"आहे का तसं, ताई?" बाबांनी विचारलं.

"पांढरा आहे," आत्या म्हणाली. "कुणी निवडला ते मला काय माहीत."

तेव्हापासून ते असंच चाललं. आत्या वाचायची, धाकटी रंग सांगायची, आणि तिच्या प्रत्येक वाक्यानंतर बाबा आत्याला विचारायचे, आहे का तसं. कोट लाल? आहे का तसं? सावली उलटी पडलीय? आहे का तसं? प्रयोगशाळेत तिने दिलेल्या शेडवर टँकर भरून रंग निघायचा, दुसरं कुणी तपासत नसे. घरात तिचा लाल रंग शिवणकामवाल्या आत्याच्या सहीवाचून पास होत नव्हता. ती निमूटपणे सांगत राहिली. तिरस्कार करायला जागा भरपूर होती, आणि तो आता खऱ्या मालावर करता येत होता. ते पुतण्याचं भाषण, ती अश्रूंची धार, ते मिशीवालं वादळ. पान संपल्यावर दोघं बापलेक मिळून त्याची अशी साल काढायची, की आत्या म्हणायची, एवढं वाईट आहे तर बघता कशाला.

मग ते पान आलं. पुतण्या जुन्या कार्यालयात शिरतो आणि टेबलावर चढून शपथ घेतो. शपथ लांबलचक होती, वाचता वाचता आत्याला जांभई आली. धाकटीने पुतण्या, टेबल, कोट उरकले. मग तिची नजर त्याच्यामागच्या भिंतीवर गेली.

भिंत मळकट करड्या रंगाची होती. त्यात उजवीकडे वर एक चौकोन किंचित वेगळा होता. वेगळा म्हणजे किती, तर पडदा तिरपा धरला तर नाहीसा व्हावा इतका. भिंतीवर वर्षानुवर्षं काही टांगलेलं असलं की त्याच्या मागचा रंग उन्हापासून वाचतो, आणि वस्तू काढली की तेवढाच भाग ताजा दिसतो. रंगाच्या कारखान्यात हे रोजचं. कारकुनाच्या पानांत नेमकं तिथे वाऱ्याच्या दिशांचा तक्ता असायचा. कंपनीतल्या कुणीतरी, जो मागच्या भिंती रंगवायच्या पगारावर असेल आणि ज्याचं नाव कुठेही छापलेलं नव्हतं, तक्ता काढून नेल्यानंतरची भिंत काढली होती. जुना करडा, आणि त्या चौकोनात कारकुनाचाच तो एक फिकट निळा, अगदी नखभर. टेबलावरचा मूर्ख शपथ घेत होता आणि त्याच्या पाठीमागे कुणाला तरी सगळं आठवत होतं.

धाकटीला प्रामाणिकपणे राग आला. या कचऱ्यात हे असायला नको होतं. ती पुढे जाऊ शकत होती. आत्याला ते दिसलं नव्हतं, जन्मात दिसलं नसतं. बाबांना तर सोडाच.

"झालं?" बाबांनी विचारलं.

"थांबा," ती म्हणाली. "मागे भिंत आहे." आणि तिने सांगितलं. चौकोन कुठे आहे, केवढा आहे, करड्यात निळा किती आहे. सांगताना तिचा आवाज कडू औषध गिळल्यासारखा झाला होता. "आणि चांगलं काढलंय," ती शेवटी म्हणाली. "मनापासून काढलंय कुणीतरी."

बाबा खुर्चीत पुढे सरकले. "तक्त्याची जागा?"

"तक्त्याचीच."

मग त्यांनी मान वळवली. "ताई, आहे का तसं?"

आत्याने टॅब नाकाशी नेला, लांब धरला, चष्मा कपाळावर चढवला. "मला तर नुसती भिंत दिसतेय," ती म्हणाली. "चौकोन नाही, काही नाही."

धाकटीचा चेहरा तापला. आयुष्यात पहिल्यांदा त्या दळभद्री कॉमिकची बाजू घेतली होती आणि ती वेळ साक्षीदाराअभावी वाया जाणार होती.

"नीट बघ ना ताई," बाबा म्हणाले. "खिडकीकडे धर, उजेडात. ती म्हणतेय ना आहे, म्हणजे असणार."